वस्तूंना वाचा देणारा वादक : डेव्हिड ट्यूडर

(द्वितीय वर्ष, कला)

संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबोरा उभा राहतो, पेटी-तबला उभा राहतो, फार झाले तर सतार किंवा व्हायोलिन. पत्र्याचा डबा, सायकलचे चाक, पलंगाची स्प्रिंग किंवा तेलाचे पिंप यांना वाद्य म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही. पण अशाच वस्तू छताला टांगून, प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या आवाजात गायला लावणारा एक कलावंत गेल्या शतकात अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव डेव्हिड ट्यूडर. हे नाव आपल्या महाविद्यालयात फारसे कोणाला ठाऊक नसेल. गेल्या वर्षीपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते. परंतु ज्या माणसाने आपल्या शेजारच्या अहमदाबादेत येऊन भारतातील एका आगळ्या संगीतशाळेला हातभार लावला, त्याचे चरित्र आपण जाणून घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. या लेखामागे माझे एक घरगुती कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

डेव्हिड ट्यूडर यांचा जन्म २० जानेवारी १९२६ रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. लहानपणीच त्यांचा हात ऑर्गनवर बसला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. चर्चचा ऑर्गन म्हणजे आपली पेटी नव्हे. त्याला हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक रांगा असतात, पायांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात, आणि कोणता आवाज कोणत्या नळीतून काढायचा हे ठरवण्यासाठी ओढायच्या-ढकलायच्या खुंट्या असतात. एकाच वेळी अनेक यंत्रांवर ताबा ठेवण्याची जी सवय पुढे ट्यूडरना आयुष्यभर उपयोगी पडली, तिचे बीज येथेच रुजले असावे.

याच काळात त्यांनी इर्मा वोल्पे या पियानोवादक विदुषीचे वादन ऐकले आणि त्यांची दिशाच बदलली. ते इर्मा वोल्पे यांच्याकडे पियानो आणि त्यांचे पती स्टेफान वोल्पे यांच्याकडे रचनाशास्त्र शिकू लागले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावे लागलेले हे संगीतकार. जुन्या चाकोरीत न मावणारे संगीत या गुरूंच्या घरी ट्यूडरना भेटले.

१९५० साली ट्यूडर चोवीस वर्षांचे होते. फ्रान्सचा तरुण संगीतकार प्येर बूलेझ याचा दुसरा पियानो सोनाटा वाजवणे म्हणजे त्या काळी बोटे मोडून घेण्यासारखेच होते. ट्यूडरनी ते काम अंगावर घेतले. केवळ स्वर पाठ करून त्यांचे समाधान होईना. बूलेझवर ज्या लेखकाचा प्रभाव होता त्या आंतोनँ आर्तोचे लेखन वाचता यावे म्हणून त्यांनी फ्रेंच भाषेचा अभ्यास केला. आपण परीक्षेपुरते गाइड वाचणारी मुले! एका रचनेसाठी एक भाषा शिकणारा हा तरुण पाहिला की मान खाली जाते. १७ डिसेंबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हा सोनाटा अमेरिकेत प्रथमच वाजवला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले.

जॉन केज या संगीतकाराशी त्यांची मैत्री झाली ती याच सुमारास. केज यांचा भारताशी जुना संबंध होता. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील गीताबेन साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांनी केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले आणि त्या बदल्यात त्यांना भारतीय संगीत समजावून दिले. फी म्हणून विद्येची विद्येशी झालेली ही अदलाबदल पुढे ट्यूडरना आपल्या देशापर्यंत घेऊन येणार होती.

१९५२ साल हे ट्यूडर यांच्या चरित्रातले विलक्षण साल होय. त्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटन कॉलेज नावाच्या एका छोट्या महाविद्यालयाच्या जेवणघरात केज यांनी एक कार्यक्रम घडवून आणला. रंगमंच नाही, पडदा नाही. श्रोते मधोमध बसलेले आणि भोवती एकाच वेळी कोणी नाचतो आहे, कोणी शिडीवर चढून भाषण वाचतो आहे, वर पांढरी चित्रे टांगलेली आहेत आणि ट्यूडर पियानो वाजवीत आहेत. ज्या खोलीत मुले रोज जेवत, तीच खोली त्या रात्री नाट्यगृह झाली. कलेला स्वतंत्र देऊळ लागत नाही, ती जिथे बसेल तिथे तिचे आसन, हा धडा ट्यूडरनी तेथे घेतला.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात ते पियानोसमोर बसले. हे सभागृह लाकडी, झाडीत बांधलेले आणि मागच्या बाजूने रानाकडे उघडे होते. केज यांची नवी रचना सादर व्हायची होती. ट्यूडरनी पट्ट्यांवरचे झाकण बंद केले, हातात वेळ मोजण्याचे घड्याळ घेतले आणि ते स्वस्थ बसले. तेहतीस सेकंदांनी झाकण उघडले. पुन्हा बंद केले. दोन मिनिटे चाळीस सेकंद. पुन्हा उघडून बंद. एक मिनिट वीस सेकंद. एकूण चार मिनिटे तेहतीस सेकंद त्यांनी एकही स्वर वाजवला नाही. बाहेरचा वारा, छपरावरचे पावसाचे थेंब आणि चिडलेल्या श्रोत्यांची कुजबुज हेच त्या दिवशीचे संगीत ठरले. काही लोक उठून गेले. पण इतके अवघड वादन करणाऱ्या माणसाने हे केले, म्हणून त्याला थट्टा म्हणून उडवून लावता येईना. नवशिक्याने पट्ट्यांना हात लावला नाही तर त्याला वाजवता येत नाही असे लोक म्हणतात. उस्तादाने हात आवरला की लोकांना विचार करावा लागतो.

पुढची दहाएक वर्षे ट्यूडर हे नव्या संगीताचे सर्वांत मोठे पियानोवादक मानले गेले. जर्मनीतील डार्मस्टाट येथील उन्हाळी वर्गांत ते शिकवीत. स्टॉकहाउझेनसारख्या रचनाकाराने आपल्या पियानोरचना त्यांना अर्पण केल्या. संगीतकार त्यांच्यासाठी मुद्दाम कोडी घालीत. केज यांनी १९५८ मध्ये पियानोसाठी त्रेसष्ट पानांची एक रचना लिहिली. तिच्यात नेहमीची स्वरलिपी नव्हती, चित्रविचित्र आकृत्या होत्या आणि त्यांचा अर्थ वादकानेच लावायचा होता. ट्यूडर पट्टी घेऊन अंतरे मोजीत, हिशेब मांडीत आणि स्वतःची वेगळी स्वरलिपी तयार करून मगच पियानोला हात लावीत. मनाला येईल ते वाजवण्याची मुभा असताना त्यांनी ती सवलत घेतली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

कीर्तीच्या अशा शिखरावर असताना माणूस काय करतो? तेच पुन्हा पुन्हा करतो आणि म्हातारा होतो. ट्यूडरनी तसे केले नाही. त्यांनी पियानोला ध्वनिग्राहक चिकटवले, तारांना बारीक माइक लावले, आणि हळूहळू पियानोपेक्षा त्या तारा आणि त्या विजेच्या पेट्याच त्यांना जास्त ओढू लागल्या. वयाच्या चाळिशीच्या आसपास, ज्या बोटांनी जग जिंकले त्या बोटांत त्यांनी सोल्डरिंगची सळई घेतली. हौशी लोकांसाठी निघणाऱ्या मासिकांतील आकृत्या पाहून, गॉर्डन मम्मा यांच्यासारख्या जाणकार मित्रांकडून शिकून, ते आपली उपकरणे स्वतःच्या हाताने जोडू लागले. विद्यापीठातील महागड्या प्रयोगशाळा त्यांच्या पाठीशी नव्हत्या. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि त्यावर पसरलेल्या वायरींचे जंजाळ.

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लष्करी कवायतखान्यात कलावंत आणि अभियंते यांनी मिळून नऊ रात्रींचा महोत्सव केला. त्यात ट्यूडरनी बँडोनियन हे वाद्य घेतले. अर्जेंटिनाच्या नाचगाण्यात वाजणारे हे भात्याचे वाद्य आपल्या हार्मोनियमचे चुलत भावंडच म्हणायचे, कारण दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्याच बोलतात. ट्यूडर वाजवीत होते एक छोटे वाद्य, पण त्याचा आवाज तारांतून जाऊन त्या अफाट इमारतीतले दिवे, पडद्यावरची चित्रे आणि स्पीकर यांना चालवीत होता. काही स्पीकर तर चाकांच्या गाड्यांवर बसून जमिनीवरून फिरत होते. जणू सारी इमारतच वाद्य झाली होती.

त्यानंतर १९६८ साली त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना जन्मली. मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंघाचे ते १९५३ पासूनचे वादक. कनिंगहॅम यांच्या नव्या नृत्यासाठी अँडी वॉरहॉल यांच्या चंदेरी हवाई उशा रंगमंचावर तरंगत होत्या आणि संगीत ट्यूडर यांचे होते. त्याचे नाव रेनफॉरेस्ट, म्हणजे वर्षावन.

या रचनेचे मर्म सोप्या शब्दांत सांगते. आपल्या नेहमीच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, तारेचे वेटोळे असते आणि कागदाचा पडदा असतो. वीज आली की वेटोळे हलते, ते कागद हलवते, आणि कागद हवा हलवतो. ट्यूडरनी कागद बाजूला केला. हलणारा भाग सरळ एखाद्या वस्तूला जोडला. मग ती वस्तूच थरथरू लागते, तीच बोलू लागते. तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारली तर एक आवाज येतो, परातीवर मारली तर दुसरा. प्रत्येक वस्तूच्या अंगात तिचे स्वतःचे स्वर दडलेले असतात. तिला कोणताही आवाज पाजा, त्यातले आपल्याला मानवणारे स्वर ती उचलते, बाकीचे गिळून टाकते. तिच्या अंगाला चिकटवलेला बारीक माइक ती थरथर टिपतो आणि खोलीतल्या साध्या स्पीकरवर पाठवतो. म्हणजे वस्तूचा आवाज तिच्याजवळ ऐकू येतो आणि त्याची सावली दूरवर पडते. प्रत्येक स्पीकरला स्वतःचा गळा असावा, ही ट्यूडर यांची कल्पना होती.

आता आपल्या देशाकडे वळू. १९६४ च्या जगप्रवासात कनिंगहॅम यांच्या संघाबरोबर ट्यूडर भारतात येऊन गेले होते. मुंबई आणि अहमदाबाद येथे तेव्हा या मंडळींचे प्रयोग झाले. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेवर चालणाऱ्या संगीताची शाळा उभी राहिली. न्यूयॉर्कहून मूग नावाचे स्वरनिर्मितीचे यंत्र आणले गेले आणि ते लावून देण्यासाठी, शिकवण्यासाठी स्वतः ट्यूडर आले. गीताबेन साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्या यंत्रावर काम केले. यांतले जोशीपुरा तर तेव्हा विद्यार्थीच होते. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी आपल्या शेजारच्या राज्यात एक विद्यार्थी अंतराळप्रवासाचे संगीत रचण्याच्या नादात होता, ही गोष्ट आपल्या कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

ही शाळा फार काळ चालली नाही. १९७२ नंतर तिथले काम थांबले आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. जवळजवळ साडेचार दशकांनी पॉल पुर्गस या ब्रिटनमधील कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या जगापुढे आल्या. त्या मी मोबाईलवर ऐकल्या. काही आवाज बेडकांसारखे, काही लांबच्या मोटारीसारखे. आवडले म्हणू की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. पण आपल्या घरात काय होते हे कळायला बाहेरून कोणीतरी यावे लागते, याचे वाईट वाटले.

अहमदाबादहून ट्यूडर एक गोष्ट मात्र आयुष्यभरासाठी घेऊन गेले, ती म्हणजे भारतीय स्वयंपाकाची गोडी. ते मसाले स्वतः तयार करीत आणि मित्रांना जेवू घालीत. मसाला आणि त्यांचे संगीत यांत मला तरी साम्य दिसते. कशात काय मिसळले म्हणजे काय उमटेल, हे करून पाहिल्याशिवाय दोन्हीकडे कळत नाही.

१९७० मध्ये जपानच्या ओसाका प्रदर्शनात पेप्सी कंपनीच्या दालनात, आतून आरसा असलेल्या घुमटामागे सदतीस स्पीकर बसवून आवाज फिरवण्याची योजना झाली, तिच्यात ट्यूडर यांचा मोठा वाटा होता. पुढे पैशांवरून वाद झाला आणि कंपनीने कलावंतांना बाजूला करून दालन ताब्यात घेतले. भव्य इमारत आणि मोठा धनी असला की कलेचे कल्याण होतेच असे नाही, हे येथे दिसून आले.

१९७२ मध्ये त्यांनी आणखी एक नवल केले. जत्रेत किंवा लग्नात माइक कर्ण्यासमोर गेला की तो किंचाळतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो वाढून पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. मंडपवाला धावत जाऊन आवाज कमी करतो. ट्यूडरनी हा दोषच गुण म्हणून उचलला. माइक नाही, फीत नाही, बाहेरून कोणताही आवाज घालायचा नाही. पेट्यांचा शेवट त्यांच्याच सुरुवातीला जोडायचा, मध्ये आपल्या हाताने केलेली उपकरणे घालायची, आणि त्या फिरत्या विजेतून जे उपजेल त्याला वळण लावायचे. उपकरणांचा पसारा इतका वाढला की सारा प्रयोगाच्या ठिकाणी नेणे जमेना, म्हणून काही भाग आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागला. नव्या बैलाला जुंपताना कासरा फार ओढूनही चालत नाही आणि सोडूनही चालत नाही, तसे ते वादन होते.

आणि मग १९७३ चा उन्हाळा आला. न्यू हॅम्पशर राज्यातल्या चोकोरुआ या खेड्यात तरुण संगीतकारांचे शिबिर भरले होते. ट्यूडरनी तेथे रेनफॉरेस्टची कल्पना मुलांपुढे ठेवली. तुम्ही वस्तू शोधा, तुम्हीच त्यांना जोडा, तिला कोणता आवाज मानवतो ते तुम्हीच ऐकून ठरवा. प्रयोग झाला तो शेतावरच्या जुन्या कोठारात. वस्तू दोरीने टांगलेल्या होत्या आणि श्रोते खुर्चीत बसण्याऐवजी त्यांच्यामधून हिंडत होते, पिंपात डोके घालीत होते, पत्र्याला कान लावीत होते. काहींनी तर वस्तू दातांत धरून तिचा आवाज हाडातून ऐकला! सुरुवात-शेवट नाही, तासन्‌तास चालणारे हे संगीत. अरण्यात गेल्यावर जसे कोणी आपल्याला कुठे उभे राहायचे ते सांगत नाही, तसेच येथे. त्या शिबिरातल्या मुलांतूनच पुढे एक संघ तयार झाला आणि ही रचना अनेक देशांत गेली. आपली सर्वांत मोठी रचना गुरूने शिष्यांच्या हाती अशी मोकळी सोडून द्यावी, ही उदारता विरळा.

आयुष्याच्या उत्तरार्धातही त्यांची जिज्ञासा आटली नाही. साठी ओलांडल्यावर अभियंत्यांच्या मदतीने त्यांनी मेंदूच्या पेशींच्या धर्तीवर बनवलेल्या एका चिपवर वाद्य उभारले. त्या चिपमध्ये चौसष्ट पेशी आणि त्यांच्यात १०,२४० जोड होते. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा गावच्या पारावरही चालतात. हे गृहस्थ १९९२ ते १९९४ या काळात तसल्या यंत्राशी जुगलबंदी करीत होते. १९९२ मध्ये केज वारले, आणि कनिंगहॅम यांच्या संघाचे संगीतप्रमुखपद ट्यूडर यांच्याकडे आले. १३ ऑगस्ट १९९६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील टॉमकिन्स कोव्ह येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे राहिल्या त्या शेकडो पेट्या आणि वायरी. त्या आज कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. कोणती पेटी कशाला जोडायची, हे कोडे अभ्यासक अजून सोडवीत आहेत. जन्मभर दुसऱ्यांनी घातलेली कोडी सोडवणाऱ्या माणसाने जाताना जगाला एक कोडे घालून ठेवले! रेनफॉरेस्ट मात्र जिवंत आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती पुन्हा गुंजली.

आता घरगुती कारण सांगते. माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावी लाउडस्पीकर भाड्याने देतात आणि बिघडलेले दुरुस्तही करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेशअर्जावर वडिलांचा धंदा लिहायचा होता, तेव्हा मी व्यापार असे लिहिले. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. मैत्रिणींपैकी कोणाचे वडील शिक्षक, कोणाचे बँकेत. माझ्या वडिलांच्या बोटांवर सोल्डरिंगचे चटके आहेत, ते कोणाला दिसू नयेत असे मला वाटे.

ट्यूडर यांच्याविषयी वाचल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांना रेनफॉरेस्टची युक्ती सांगू लागले. माझे अर्धे बोलणे होण्याआधीच ते उठले. कागद फाटलेला एक जुना स्पीकर त्यांनी काढला, उरलेला कागद कापला, आणि वेटोळ्याचा भाग तेलाच्या रिकाम्या डब्याच्या तळाला चिकटवला. अभंग लावला. डबा गाऊ लागला. शब्द नीट कळत नव्हते, पण स्वर डब्याचा होता. वडिलांनी सांगितले की असे त्यांनी पूर्वीही पुष्कळदा केले आहे, स्पीकरचे वेटोळे जिवंत आहे की मेले ते तपासायला. मग त्यांनी डबा काढून परात घेतली, परात काढून घागर घेतली. त्या रात्री आमच्या आईला जेवायला वाढायला भांडे उरले नाही!

वडील कलावंत आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांना स्पीकर तपासायचा होता, ट्यूडरना ऐकायचे होते. फरक एवढाच आणि तो मोठा आहे. पण ऐकायचे ठरवल्यावर तो ओलांडायला एक रात्र पुरली, हे मी पाहिले आहे. यंदा तृतीय वर्षाच्या प्रवेशअर्जावर तोच रकाना पुन्हा येईल. तेव्हा मी पूर्ण वाक्य लिहिणार आहे : लाउडस्पीकर दुरुस्ती.